पाण्यावर गाडी? एचएचओ सेल बनवताना या चुका टाळा

एचएचओ सेल म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा मिश्र गॅस काढणारं उपकरण. तो गाडीला जोडला की गाडी पाण्यावर चालते, असा दावा केला जातो. पहिली चूक सेल बनवण्याआधीच होते: पाण्याला इंधन समजणं. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. त्यातून हायड्रोजन परत काढायला वीज लागते आणि गाडीत ती वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. आकडे मांडून बघा. सात प्लेटांचा, म्हणजे सहा कप्प्यांचा सेल 13.8 व्होल्टवर 10 अँपिअर ओढतो तेव्हा 138 वॉट खर्च होतात. गॅस निघतो मिनिटाला 0.7 लिटरच्या आसपास, आणि त्यातल्या हायड्रोजनची उष्णता जेमतेम 75 वॉट. त्याच वेळी 100 सीसीचं इंजिन 3000 आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर, मिनिटाला दीडशे लिटरच्या घरात हवा ओढतं. त्यात हा गॅस दाताला तरी लागेल का? अमेरिकेतल्या ओहायोच्या स्टॅनली मेयरचा पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा 1996 मध्ये तिथल्या न्यायालयात फसवणूक ठरला. सेल जरूर बनवा, पण टेबलावर. शिकायला झकास आहे.

पाण्यात मीठ टाकू नका. क्लोरीन सुटतो आणि प्लेटा सडतात. खायचा सोडाही नको, त्याने गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळतो. कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घ्या. एक लिटर बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्यात 10 ग्रॅमपासून सुरुवात करा आणि अमीटर बघत वाढवत जा. पोटॅश पाण्यात टाकायचं, पोटॅशवर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, पोटॅश ते खातं. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात. नागपूरच्या इतवारी बाजारात पत्रा घेताना 316एल स्टेनलेस मागा, गॅल्व्हनाइज्ड चालणार नाही. पाणी तपकिरी झालं तर प्लेटा झिजताहेत असं समजा. त्या गाळात घातक क्रोमियम असू शकतं, तो नालीत ओतू नका.

नागपुरातली खरी अडचण उन्हाळ्याची. द्रावण तापलं की त्याचा रोध घटतो, करंट वाढतो, करंटने ते आणखी तापतं. सकाळी 10 अँपिअरवर लावलेला सेल मे महिन्यातल्या दुपारी 20 च्या वर गेलेला दिसेल. म्हणून करंट आवरणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावा, सोबत फ्यूज. 55 अंशांच्या वर गेला की बंद करा.

गॅस मोजतानाही फसगत होते. पाण्याखाली 100 मिलिचा मोजपात्र उलटा धरा. दहा अँपिअरला तो 8 ते 9 सेकंदांत भरायला हवा. त्याहून लवकर भरला तर आनंदू नका, एकतर अमीटर चुकतोय किंवा तुम्ही वाफ मोजताय. 60 अंशांच्या पाण्यावरच्या गॅसमध्ये पाचवा हिस्सा वाफच असते. उशीर लागला तर गॅसकेट गळतंय, नाहीतर करंट प्लेटांच्या कडेने निसटतोय. लिटरची बाटली मात्र कधीच भरू नका. हायड्रोजन आणि ऑक्सिजन आधीच योग्य प्रमाणात मिसळलेले असतात, एका ठिणगीत बाटलीच्या चिंध्या होतात. सेलनंतर पाण्याचा बबलर (गॅस पाण्यातून बुडबुड्यांनी जाऊ देणारी बाटली) आणि त्यापुढे फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागे सेलकडे येऊ न देणारा अडसर) हवाच. काम गच्चीवर किंवा अंगणात करा, बंद खोलीत नको.

तरीही कुणी गाडीवर बसवलाच, तर सेलला लागणारी वीज इंजिनलाच तयार करावी लागते आणि त्यासाठी पेट्रोल जादा जळतं. मायलेज उलट खाली येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत फेरबदल करण्याबाबतचं) आणि विमा हे वेगळे कटकटीचे विषय. फरक मोजायचाच असेल तर डिसेंबरच्या पहाटेची धाव जूनच्या दुपारशी जुळवू नका. वर्धा रोडवर एकाच सकाळी, एकाच 50 च्या वेगाने, टायरची हवा तीच ठेवून, सेल बंद, चालू, पुन्हा बंद अशा तीन फेऱ्या करा. दोन बंद फेऱ्यांमध्येच जेवढा फरक निघेल, त्याहून कमी फरक सेलच्या नावावर लिहू नका.