जड धातू सोसणाऱ्या जिवाणूंतील वाहक प्रथिने कशी तपासावीत?

जस्त किंवा कॅडमियम सोसणारा जिवाणू मिळवणे फारसे अवघड नाही. तो वाहक प्रथिनांच्या (पटलातून पदार्थ ने-आण करणाऱ्या प्रथिनांच्या) साहाय्याने धातू पेशीबाहेर फेकून तगतो की पेशीभित्तिकेवर नुसता बांधून ठेवतो, हे ठरवणे अवघड आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार येथे असा प्रकल्प हाती घेणाऱ्यांनी सारा भर याच प्रश्नावर द्यावा.

नमुना शेतातील मातीपेक्षा औद्योगिक वसाहतीच्या नाल्यातील गाळाचा घ्यावा. तापी खोऱ्यातील काळी जमीन चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असून तिच्यातील चिकणमाती धातूंचे आयन घट्ट धरून ठेवते, त्यामुळे जिवाणूंपर्यंत पोहोचणारा अंश थोडाच असतो.

माध्यमाची निवड निर्णायक ठरते. पेप्टोन (माध्यमातील अर्धपचित प्रथिन) धातूला बांधते आणि फॉस्फेट त्याचा साका करते, म्हणून पोषक अगारावर सामान्य जिवाणूही सहनशील भासतो. ट्रिस बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण), ग्लुकोनेट (कार्बनस्रोत) आणि अत्यल्प फॉस्फेट असलेले माध्यम वापरावे. बेल्जियममधील जस्त कारखान्याच्या टाकीतून १९७६ साली मिळालेल्या क्युप्रिॲव्हिडस मेटॅलिड्युरान्स या धातू सोसणाऱ्या जिवाणूचा अभ्यास अशाच माध्यमात झाला. त्याचा सीझेडसी पंप (धातू बाहेर टाकणारा वाहक प्रथिनांचा संच) आतील पटलापासून बाहेरील पटलापर्यंत पसरलेला असून आत शिरणाऱ्या प्रोटॉनच्या बळावर कोबाल्ट, जस्त व कॅडमियम बाहेर टाकतो, ई. कोलाय या जिवाणूतील झेडएनटीए हे वाहक प्रथिन मात्र जस्त व कॅडमियम बाहेर टाकण्यासाठी एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) खर्च करते.

मुख्य प्रयोगासाठी जिवाणू आधी अल्प जस्तात वाढवावा, म्हणजे पंपाची जनुके जागी होतात. मग पेशी धुऊन, कार्बनस्रोताविना उपाशी ठेवून, त्यांत जस्त भरू द्यावे आणि तीन भाग करावेत: एकाला ग्लुकोनेट, दुसऱ्याला ग्लुकोनेटसह सीसीसीपी (पटलावरील प्रोटॉनचे बळ नाहीसे करणारे रसायन), तिसऱ्याला काहीच नाही. ठरावीक अंतराने काढलेल्या पेशी थंड ईडीटीएने (धातू बांधून घेणाऱ्या रसायनाने) झटपट धुवाव्यात (जास्त वेळ ठेवल्यास बाहेरील पटल ढिले पडते), नायट्रिक आम्लात विरघळवाव्यात आणि अणुशोषण वर्णपटमापकावर जस्त मोजून ते प्रथिनाच्या प्रति मिलिग्रॅम मांडावे. सीसीसीपी विषारी आहे. ते व धातूचे द्रावण सांडपाण्याच्या मोरीत ओतू नये.

पहिल्या भागातच पेशीतील जस्त घटले, तर ऊर्जेवर चालणारे उत्सर्जन असल्याचे मानता येते. परंतु श्वसन करणाऱ्या पेशींत सीसीसीपीमुळे एटीपीही घटते, त्यामुळे पंप प्रोटॉनवर चालतो की एटीपीवर, हे एवढ्यावरून ठरत नाही. पीसीआरने (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणाऱ्या तंत्राने) पंपाचे जनुक सापडले तरी ते कार्यरत असल्याचे सिद्ध होत नाही. ते निष्क्रिय केल्यावर सहनशीलता घटते आणि परत दिल्यावर पूर्ववत होते, हे दाखवल्यानंतरच त्या प्रथिनाचे नाव निष्कर्षात लिहावे.