मुंबईत दावा कोणत्या कोर्टात लावायचा?

दावा लावताना बहुतेक जण आधी रक्कम पाहतात आणि तिथेच चुकतात. आधी वादाचा प्रकार पाहा, मग जागा, आणि रक्कम शेवटी.

सर्वांत जास्त गोंधळ घरांच्या बाबतीत होतो. घरमालक-भाडेकरू वाद असेल तर जागा पाच लाखांची असो की पाच कोटींची, दावा लघुवाद न्यायालयातच जातो. मुख्य इमारत धोबीतलावला आहे, शाखा वांद्र्याला. मात्र लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही समोरचा राहता फ्लॅट सोडत नसेल, तर दाव्याच्या फंदात पडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करा. तिथे लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानतात आणि समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते.

सोसायटीच्या कारभाराचा वाद असेल तर सहकार न्यायालय. घटस्फोट, मुलांचा ताबा यांसाठी वांद्र्याचं कुटुंब न्यायालय.

यात न बसणारा दिवाणी दावा असेल तरच रक्कम बघायची. १० कोटींपर्यंत नगर दिवाणी न्यायालय, त्यावर उच्च न्यायालयाची ओरिजिनल साइड, म्हणजे दावे थेट दाखल होतात तो विभाग. २०२४च्या जानेवारीपर्यंत ही मर्यादा एक कोटी होती, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. दावा व्यापारी आणि तीन लाखांहून कमी नसलेला असेल, तर मनाई हुकुमासारखा तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसल्यास आधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळली तर वादपत्र (दाव्याचा लेखी अर्ज) फेटाळलं जातं.

मुलुंड ओलांडलं की सगळी रचना बदलते. ठाण्यात पाच लाखांपर्यंत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, त्यावर वरिष्ठ स्तर. पत्त्यातल्या ‘नवी मुंबई’ने फसू नका: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, खारघर-पनवेल रायगडमध्ये.

फौजदारीत पोलीस ठाण्याच्या हद्दीवरून दंडाधिकारी ठरतो. मेट्रोपॉलिटन दंडाधिकारी हा वेगळा वर्ग १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत उरलेला नाही. आता प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. खून, बलात्कार असे गुन्हे सत्र न्यायालयात चालतात. खात्यात भरलेला चेक वटला नाही, तर तक्रार तुमचं खातं असलेल्या शाखेच्या हद्दीत करायची, चेक देणाऱ्याच्या नव्हे.

चुकीच्या कोर्टात गेलात तर वादपत्र परत मिळतं. तिथे गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली दाव्याच्या मुदतीतून वजा होतो, पण तिथला दावा प्रामाणिकपणे आणि नेटाने चालवल्याचं दाखवावं लागतं. म्हणून तिथले रोजनामे (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद) आणि परतीच्या आदेशाची प्रमाणित प्रत जपून ठेवा.