लग्नाच्या जुन्या डीव्हीडी कॉपी कशा करायच्या

घरात लग्न-मुंजीच्या डीव्हीडी पडून असतील तर आत्ताच कॉपी करा, त्यात गेलेल्या आजी-आजोबांचे आवाज आहेत आणि राइट केलेल्या डिस्कमधला डायचा (डेटा साठवणाऱ्या रंगाचा) थर हळूहळू खराब होतो. नव्या लॅपटॉपला बहुतेक ड्राइव्हच येत नाही, सो यूएसबीवाला घ्या. डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल अजिबात नाही, गोल चरा पडला की सलग डेटा जातो. मग डिस्कवरचा व्हिडिओ_टीएस (VIDEO_TS) फोल्डर, ज्यात सगळा व्हिडिओ असतो, अख्खा हार्ड डिस्कवर टाका, साध्या डीव्हीडीला ४.७ जीबीपर्यंत जागा लागते. व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) असेल तर डॅट (.dat) फाइल उचला, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. मध्येच अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, बऱ्याचदा वाचते! शेवटपर्यंत प्ले करून बघितल्याशिवाय डिस्क फेकू नका प्लीज, आणि एक कॉपी भावाबहिणीकडे ठेवा.