मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्या

वसमतला माझं छोटं सेवा केंद्र आहे. ई-पीक पाहणीचं, म्हणजे आपल्या शेतातल्या पिकाची नोंद आपणच फोनवरून करायचं, अ‍ॅप २०२१ साली आलं, तेव्हा गर्दी आवरायची म्हणून मी प्रत्येकाचा फोन स्वतःच्या हातात घ्यायचे, पटापट नोंदणी करायचे अन् परत द्यायचे. काका शेतात पोचले की फोन यायचा, "बाई, आता कुठं दाबू?" मला इथून त्यांची स्क्रीन दिसायची नाही अन् समोर काय दिसतंय हे त्यांना सांगता यायचं नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी समोरच्याचा फोन हातात घेत नाही. तुम्हीही आई-वडिलांना, शेजाऱ्यांना काही शिकवणार असाल, तर सुरुवात इथूनच करा.

आधी बोटाकडे बघा. रानात राबलेलं बोट कोरडं, भेगाळलेलं असतं. त्यात आपली माणसं बटण दाबल्यासारखं जोर लावून धरून ठेवतात. मग चित्र जागचं हलतं, भलतंच काही उघडतं अन् माणूस घाबरतो. त्याला वाटतं, आपण फोन बिघडवला. मी मावश्यांना सांगते, तव्यावरची भाकर भाजली का बघताना बोट कसं लावता? टेकवलं की उचललं. तस्संच. दोन-तीनदा नुसतं हेच करून घ्या, बाकीचं नंतर.

बोलताना स्क्रीनवर जे दिसतं तेच बोला. "सेटिंगमध्ये जा" म्हणण्यापेक्षा "दातेरी चाकाचं चित्र शोधा" म्हणा. अन् बोट लावायच्या आधीच पुढं काय येणार ते सांगून ठेवा: "आता फोन परवानगी मागंल, घाबरू नका." मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. त्यांचं बोट हवेत थांबलेलं असतं अन् आपलं बोट आपोआप पुढं जातं. जाऊ देऊ नका.

कारण सांगितलं की लक्षात राहतं. लोकेशन कशाला चालू करायचं? तर पिकाचा फोटो तुमच्याच गटातला, म्हणजे तुमच्याच जमिनीतला आहे हे कळावं म्हणून. फोन आपली जागा आकाशातल्या उपग्रहांवरून ओळखतो. त्यामुळं पाहणीला घरात किंवा दाट झाडाखाली उभं राहू नका, रानात मोकळ्या जागी उभं राहा. एवढं कळलेला माणूस दुसऱ्या हंगामात विचारायला येत नाही.

पैशाच्या व्यवहारात तर समजावल्याशिवाय कुणाला सोडूच नका. यूपीआयचा पिन मी दानपेटीवरून सांगते. पेटीत पैसे टाकायला किल्ली लागते का? नाही, काढायलाच लागते. पिन ही किल्ली. "पैसे पाठवतो, पिन टाका" असं कुणी म्हणालं, की तो तुमची पेटी उघडायला निघालाय. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करायचा, हे मी त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेते.

"समजलं का?" असं विचारू नका, मान सगळेच हलवतात. "घरी सुनेला कसं सांगाल?" असं विचारा. कुठं अडतंय ते तिथंच कळतं.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मी वहीच्या पानावर चित्रं काढून देते: आधी दातेरी चाक, मग लोकेशनची खूण, मग कॅमेरा. एक मावशी ते पान पासबुकात घडी घालून ठेवतात अन् पाहणीच्या दिवशी तेवढंच घेऊन रानात जातात.