ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा: सेन्सर मागवण्याआधी या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की माझ्याकडे दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. वायपरवाली आणि पिवळ्या दिव्यावाली. वायपरचं काम दहा मिनिटांत उरकतं. पिवळ्या दिव्यावाले मात्र बऱ्याचदा येतानाच नवा सेन्सर घेऊन येतात, ऑनलाइन मागवलेला, खोक्यासकट. "मामा, एवढा बसवून द्या." अरे, आधी गाडी तरी बघू दे की.

पहिली गोष्ट, दिवा नीट बघा. ओल्या रस्त्यावर जोरात पिकअप घेतल्यावर तो लुकलुकून विझला, तर चाक घसरू न देणारी ही सिस्टिम आपलं काम करतेय. तिला करू द्या. सतत पेटून राहिला तर ती बंद पडलीय. आणि दिव्याखाली 'ऑफ' असं लिहून आलं असेल तर गिअरच्या आसपासचं बटण तपासा. डॅशबोर्ड पुसताना ते दाबलं जातं. एक गृहस्थ साताऱ्याहून कराडपर्यंत केवळ तेवढ्यासाठी आले होते. मी बटण दाबलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल, तर मात्र गाडी हलवू नका. आधी ब्रेक ऑइल बघा.

आता ती चूक, जिचा मला सगळ्यात जास्त वैताग आहे. डावं-उजवं.

ट्रॅक्शन कंट्रोलला स्वतःचे वेगळे डोळे नसतात. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम, तिचे चार चाकांवर वेग मोजणारे चार सेन्सर असतात, त्यांच्याच जिवावर ते चालतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरतंय असं दिसलं की इंजिनची ताकद कमी करायची किंवा त्या चाकाला ब्रेक लावायचा, एवढंच त्याचं काम. त्यामुळे फॉल्ट बहुतेक वेळा एखाद्या चाकापाशीच सापडतो. प्रश्न असतो, कुठल्या?

गेल्या पावसाळ्यात एक तरुण पोरगा २०१० ची स्कोडा सुपर्ब घेऊन आला. स्कॅनरवर, म्हणजे गाडीने नोंदवलेले फॉल्टचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, ००२८३ हा कोड आला होता. या गाड्यांत ००२८३ म्हणजे पुढचं डावं चाक, ००२८५ म्हणजे पुढचं उजवं. पोराने मोबाइलवर व्हिडिओ बघितला. व्हिडिओतला माणूस अमेरिकेतला. तो म्हणाला, हा कोड आला की ड्रायव्हर साइडचा सेन्सर बदला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे त्याचं बरोबरच होतं. आमच्या पठ्ठ्याने मात्र आपल्या ड्रायव्हर साइडचं, म्हणजे उजवं चाक खोललं. डावी बाजू म्हणजे आपली क्लीनर साइड, हे एसटी स्टँडवरचं पोरगंही सांगेल. पण व्हिडिओ बघताना ते कुणाला आठवतंय!

पुढचं ऐका. या सेन्सरला एकच एलन बोल्ट असतो. तो सुटतो, पण सेन्सर गंजाने आपल्या भोकात असा अडकून बसतो की पक्कड लावून ओढला की डोकं हातात येतं आणि बाकीचा आत राहतो. तसंच झालं. चांगला चालणारा उजवा सेन्सर त्याने मोडला, उरलेला तुकडा ड्रिलने काढला, नवा बसवला, कोड पुसला. गाडी हलली आणि दिवा पुन्हा पेटला. मग त्याने दुसरा सेन्सर मागवला, त्याच बाजूला, कारण पहिला "डुप्लिकेट निघाला असणार". तोही बसवला, दिवा होता तिथेच. मग तो माझ्याकडे आला.

मी काय केलं? काहीच खोललं नाही. स्कॅनर लावला, चारही चाकांचे वेग एका पडद्यावर घेतले आणि पोराला म्हटलं, गाडी वीसने चालव, सरळ. तीन चाकं वीसच्या आसपास, पुढचं डावं शून्य. मग स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवलं, तसा शून्याचा एकदम अठरा झाला. सरळ केलं, पुन्हा शून्य. म्हणजे सेन्सर जिवंत होता, त्याची वायर तुटलेली होती. शॉकअॅब्सॉर्बरच्या बाजूने ती वळते तिथे, वरचं रबर शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं. दर वळणाला वाकून वाकून ती तिथेच तुटते. जुन्या गाडीत मी पहिला हात तिथेच घालतो. दुसरा हात मडगार्डच्या लायनरमागे, कारण उंदरांना ती जागा फार आवडते. उसाच्या फडाजवळ राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

वायर जोडतानाही लोक घाई करतात. जिथे तुटली तिथेच सोल्डर मारतात. सोल्डर कडक, जागा हलणारी, दोन महिन्यांत शेजारीच पुन्हा तुटते. मी सॉकेटपासूनची पूर्ण वायर बदलतो आणि जोड वर, न हलणाऱ्या जागी घेतो. क्रिंप, म्हणजे दाबून घट्ट केलेला जोड, आणि त्यावर आत गोंद असलेली स्लीव्ह. नुसती काळी टेप लावलेली वायर दिसली की मला ती कुणी लावली ते बघावंसंच वाटत नाही.

मोबाइलला जोडायच्या स्वस्त स्कॅनरने "एकही कोड नाही" असं सांगितलं म्हणून खूश होऊ नका. तो बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएसचा कंट्रोलर वाचणारा स्कॅनर पाहिजे. आणि वाचल्या वाचल्या पुसायचं नाही. आधी फोटो काढा. पुसलेला कोड म्हणजे पुसलेला पुरावा, मग मी काय ज्योतिष बघू?

इंजिनचा दिवाही सोबत पेटला असेल तर चाकांकडे बघूही नका. इंजिन आजारी असलं की ट्रॅक्शन कंट्रोल बऱ्याच गाड्यांत स्वतःहून बाजूला होतं. आधी इंजिन.

मल्टिमीटर घेऊन सगळ्याच सेन्सरचे ओहम मोजणारे वेगळेच. जुन्या कॉइलवाल्या सेन्सरला ते ठीक, साधारण हजार ते दोन हजार ओहम मिळतात. नंतरच्या सेन्सरमध्ये चिप असते. तिचा सिग्नल म्हणजे सात आणि चौदा मिलीअँपियरमधला खेळ. तिथे ओहम मोजून काही कळत नाही, उलट चिपच उडू शकते.

बॅटरी. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या बरीच खाली असेल, तर आधी तीच बघा. आणि बॅटरी काढून लावल्यावर दिवा पेटला तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचा कोन गाडीला पुन्हा शिकावा लागतो. थोडं सरळ चालवलं की विझतो. अलाइनमेंटनंतर पेटला आणि विझतच नसेल, तर स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो.

ब्रेक पॅडलवरचा स्विचही लोक विसरतात. मागे कुणाला तरी उभं करा, ब्रेक दाबा, लाइट लागते का विचारा. फुकटची टेस्ट.

टायरचं मात्र जरा सविस्तर सांगतो. पंक्चर झालं, स्टेपनी लावली, आणि शंभर किलोमीटरवर दिवा पेटला. मालक म्हणतो, पंक्चरवाल्याने काहीतरी तोडलं. स्टेपनीचा साइझ बघितला तर २०५/६०, बाकीचे २०५/५५. दोन्ही सोळा इंची, म्हणून "बसतंय की". बसतं, पण व्यासात वीस मिलिमीटरचा फरक, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. बाकीचे टायर गुळगुळीत असतील तर आणखी बारा मिलिमीटर धरा. त्या गरीब कंट्रोलरला वाटतं, हे एक चाक कायमच मागे पडतंय. वायरिंग सोडा, आधी चारही टायरच्या बाजूला लिहिलेला नंबर वाचा आणि हवा भरा.

बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा आला, तर बेअरिंगच उलटी बसलीय असं मी आधी धरतो. प्रेसवर दाबून बसवायच्या कित्येक बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची रिंग असते आणि ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच. बसवायच्या आधी मी टाचणी टेकवून बघतो, जिकडे चिकटते ती बाजू सेन्सरकडे. एका गॅरेजमधून आलेल्या सेडानची बेअरिंग मला परत काढावी लागली होती, आणि एकदा दाबून काढलेली बेअरिंग पुन्हा वापरता येत नाही. मालकाला नवीच घ्यावी लागली. टाचणी कुठल्याही किराणा दुकानात मिळते.

दुरुस्ती झाली, कोड पुसला, तरी काही गाड्यांत दिवा जागेवर विझत नाही. चाकं फिरून चारही सेन्सर बरोबर बोलतायत हे कळल्यावरच विझतो. त्यामुळे गॅरेजच्या दारातूनच "मामा, अजून पेटतोय" असा फोन करू नका. आधी कोल्हापूर नाक्यापर्यंत जाऊन या.