टीव्हीवरून उतरवलेला अनारसा कसा जमवायचा

आमच्या घरी अनारशाची कृती बिलबुकाच्या मागच्या पानांवर लिहिलेली आहे. मी टीव्ही दुरुस्त करायचो, सांगलीत खणभागात छोटा गाळा होता, आणि घरात हाताशी सापडणारा कागद म्हणजे बिलबुक. आईला लिहायला वेळ लागायचा आणि टीव्हीवरची बाई कुणासाठी थांबायची नाही. मग दुपारी जेवायला आलो की आई मला पडद्यासमोर बसवायची. "लिव रं पटापट!" मी वाट्या-चमचे लिहीत असायचो आणि ती पदराला हात पुसत कढईतला फेस बघत असायची. कृती खरी तिनंच बघितली. मी नुसती सामानाची यादी केली, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

अशी वही पुष्कळ घरांत असते. लाकडी शटरच्या टीव्हीच्या काळात दूरदर्शनवर एखादी बाई नीटनेटकी साडी नेसून येऊन दाखवायची तेव्हाची, १९९३ नंतर झीवर संजीव कपूर 'खाना खजाना' घेऊन आले तेव्हाची, नाहीतर प्रशांत दामले 'आम्ही सारे खवय्ये' म्हणत घरोघरच्या बायकांना बोलतं करायचे तेव्हाची. हिंदीतल्या कृतींत आमची वेगळीच गंमत. 'अजवाइन' म्हणजे ओवा हे कळेपर्यंत दोन पदार्थ बिन-ओव्याचे झाले. 'कसूरी मेथी' गणपती पेठेत मिळेना, तर आईनं घरची मेथी वाळवून घातली. कुणाला काही कळलं नाही.

एका गिऱ्हाइकाकडे टीव्हीचा व्हर्टिकल, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग, गेलेला. पडद्यावर नुसती एक पांढरी आडवी रेघ, आवाज मात्र ठणठणीत. मी मागचं झाकण उघडून बसलोय आणि काकू त्या रेघेकडे बघत कृती लिहून घेताहेत! मधेच मला विचारलं, "गुलाबी होईस्तोवर म्हणत्यात, म्हंजे किती वेळ हो?" मी काय सांगणार, माझ्या हातात सोल्डरिंग गन.

काकूंचा तो प्रश्न मी पुढं आमच्या वहीला विचारला. वहीतली कृती जमत नसेल तर आधी कढई चढवू नका, पेन्सिल घ्या. टीव्हीवर मधला वेळ कुठं कापला असेल ती जागा शोधायची. "भिजवून घ्यावे", "मुरू द्यावे", "सुकवून" असे शब्द दिसले की त्याखाली रेघ मारा. तिथंच घड्याळ गळालेलं असतं. स्टुडिओतल्या बाईकडे भिजलेला तांदूळ एका भांड्यात, मुरलेलं पीठ दुसऱ्या भांड्यात, आधीच करून आणलेलं. आठवड्याचं काम दहा मिनिटांत. आमच्या पानावर त्या आठवड्याचा मजकूर एवढाच आहे: 'तांदूळ भिजवून वाळवून दळून समप्रमाण गूळ'. एका ओळीत आठ-नऊ दिवस गेले.

दुसरी रेघ वाटीखाली. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं ते वाटी-चमच्याच्या मापावरच चाललं. पण पुस्तक बघून करताना तुम्ही तुमचीच एक वाटी शेवटपर्यंत वापरता, म्हणून प्रमाण बिघडत नाही. टीव्हीवर काचेच्या पाच बोलांत पाच जिन्नस, कुठला बोल केवढा हे पडद्यावर कळत नाही. म्हणून एकदा वजन करून घ्या आणि वहीत वजनच लिहा. पहिला प्रयोग पाव मापानं करा, सणाच्या आदल्या दिवशी तर अजिबात नको.

आता अनारसा. अर्धा किलो तांदूळ, जुना. मी कोलम घेतो. नवा चिकट तांदूळ मला कधी लाभला नाही. धुऊन तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदललं तरी चालेल. थोडा आंबूस वास येणारच, त्यानं घाबरू नका. पण नाक मुरडावं लागलं तर तो तांदूळ टाकून द्या.

चौथ्या दिवशी चाळणीत निथळून सुती पंच्यावर घरातच पसरायचा. उन्हात नाही. किती वेळ, हे घड्याळावर ठरवू नका. मूठभर तांदूळ घट्ट आवळून मूठ उघडा. तळव्याला गार लागला पाहिजे, पण दाणे चिकटून राहता कामा नयेत, चार-दोन राहिले तर राहू देत. मला साधारण पाऊण तास लागतो. २०२३ चा अधिक श्रावण ऐन पावसात आला, तेव्हा पंख्याखाली दोन तास गेले. खडखडीत वाळला तर मात्र ते पीठ भाकरीचं, अनारशाचं नव्हे.

गिरणीत नेऊ नका, ओला तांदूळ गिरणीवाला घेणारच नाही. मिक्सरमध्ये थोडा थोडा दळा, मैद्याच्या चाळणीनं चाळा, वर राहिलेली कणी परत दळा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

गुळाच्या बाबतीत मी आमच्या वहीशी भांडलो. वही म्हणते समप्रमाण. कशाशी सम? कोरड्या तांदळाशी, की भिजून जड झालेल्या पिठाशी? आई पिठाच्या वजनाइतका गूळ घालायची आणि दर वर्षी पहिला घाणा हसायचा. हसायचा म्हणजे तुपात पडला की विरघळून पसरायचा, कढईत नुसता चुरा. मी अर्धा किलो कोरड्या तांदळाला ४०० ग्रॅम गूळ धरतो. साधा मऊ गूळ, चिकीचा नको. किसून पिठात घाला, दोन चमचे साजूक तूप घाला आणि तळव्यानं रगडा. सुरुवातीला कोरडं वाटेल. पाणी घालायचा मोह होईल, तो आवरा; गुळाला आपोआप पाझर सुटतो. गोळे करून स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून पाच-सहा दिवस विसरून जा. आमच्या वहीत गळालेली हीच ओळ होती. आई 'झालं की पीठ' म्हणून त्याच संध्याकाळी तळायला बसायची.

तळायच्या दिवशी गोळा कडक झालेला असतो. लागेल तेवढाच फोडून घ्या आणि मळा. फारच कोरडा असेल तर अर्धा चमचा दूध, किंवा पिकल्या केळ्याचा बोटभर गर. एका वेळी सगळ्या पिठात दूध घालू नका. पीठ सैल झालं की तो घाणा हसणार. प्लॅस्टिकच्या कागदावर खसखस पसरा, लिंबापेक्षा लहान गोळी त्यावर ठेवून बोटांनी थापा. कडा मधल्यापेक्षा किंचित पातळ. खसखस वर येईल असा अलगद तुपात सोडा. उलटायचा नाही. झाऱ्यानं कडेचं तूप वरून उडवत राहा म्हणजे जाळी पडते.

तुपाचा ताव हा माझ्या कामाचा भाग. 'मंद आचेवर' या शब्दावर माझा विश्वास नाही, माझ्या शेगडीची मंद आच आणि तुमची वेगळी. माझ्या मल्टीमीटरला तापमान मोजायची तार आहे. ती घासून, उकळत्या पाण्यातून काढून तुपात धरली, तर बायको ओरडली, "अहो, तुपात वायर काय घालताय!" पण आकडा मिळाला. १५० अंशांच्या आसपास अनारसा सुरेख फुलतो. १८० कडे गेलं की कडा काळपट आणि मधे कच्चा. तुमच्याकडे मीटर नसणार, तर पिठाचा मुगाएवढा कण टाका. तळाशी जाऊन सावकाश, बुडबुडे सोडत वर आला पाहिजे. टाकताक्षणी उसळला तर कढई खाली उतरवा.

आधी एकच तळा. तो हसला तर चमचाभर कोरडी तांदळाची पिठी मळून, गोळा रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी परत एक तळून बघा. तूप गार असलं तरी हसतो, तेही तपासा. उलट, अनारसा दगड झाला, जाळी पडलीच नाही, तर गूळ कमी आहे किंवा पीठ मुरलेलं नाही. चमचाभर किसलेला गूळ मळून दोन दिवस थांबा. हसलेला चुरा टाकू नका, दुधात घालून मुलं आवडीनं खातात.

काढल्यावर अनारसे चाळणीत उभे ठेवा, आडवे रचले की खालचा तुपात बसतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. पंधरा दिवस सहज टिकतात.

दिवाळीला डझनभर झाले तरी भागतं. खरी धावपळ अधिक महिन्यात, कारण जावयाच्या वाणाला ३३ लागतात आणि तुटका चालत नाही. तेवढ्यासाठी मी पाऊण किलो तांदूळ घेतो, गूळ ६००. दोन-चार फुटणार हे धरूनच. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे सांगलीच्या भर उन्हात. तांदूळ भिजवलेलं पातेलं माठाशेजारी ठेवायचं, हे मी वहीच्या समासात लिहून टाकलंय.

लिहिलंय बॉलपेननं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घरातही पाणी शिरलं आणि बिलबुकं दोन दिवस भिजत पडली. वाळवली तेव्हा बॉलपेनची पानं वाचता आली, शाईपेनची सगळी निळी झाली. चिरोट्याच्या कृतीत 'मग कडेने' एवढंच उरलंय, पुढं कोरं. अनारशाचं पान वाचलं. त्यावर तुपाचा एक जुना डाग आहे, त्याच्याखालची अक्षरं तर सगळ्यात ठळक.

२०२३ साली जावईबापूंना वाण दिलं. ३३ अनारसे, तांब्याचं ताट, वर निरांजन. त्यांनी एक खाल्ला, छान झालाय म्हणाले, आणि जरा वेळानं माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "बाबा, थोडं भडंग आहे का?"