बाजारभावाची इंग्रजी लेबले चिनी भाषेत कशी आणावीत

इंग्रजी बातम्या आणि शेअर बाजाराची लेबले चिनी भाषेत आणायची असतील, तर शब्दकोश उघडण्याआधी वाचक कुठला हे ठरवून घ्यावे. चीनच्या मुख्य भूमीवर आणि सिंगापूरमध्ये सुलभ लिपी चालते, तर हाँगकाँग आणि तैवानमध्ये पारंपरिक. मात्र संगणकाकडून लिपी बदलून घेतल्याने काम भागत नाही, कारण परिभाषाही बदलते. गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी केलेली तुलना शांघायचा वाचक ‘थोंग-बी’ या नावाने ओळखतो, तैवानमध्ये त्या रकान्यावर ‘न्यान-जंग-ल्यू’ असते आणि हाँगकाँगमध्ये ‘आन-न्यान’. (उच्चार येथे सर्वत्र मँडरिनचे दिले आहेत.)

लेबलांची नुसती यादी हाती आली, तर प्रत्येक लेबल पडद्यावर कुठे दिसते ते आधी मागवून घ्यावे. ‘क्लोज’ हे खिडकी बंद करण्याचे बटण असेल तर ‘ग्वान-बी’, दिवसअखेरचा भाव असेल तर ‘शोउ-फान-ज्या’. ‘शेअर’ बातमीखाली असेल तर ती पुढे पाठवण्याची सोय, भावाशेजारी असेल तर समभाग. ‘टर्नओव्हर’ सर्वांत फसवा: बाजारातील व्यवहारांची रक्कम, कंपनीची उलाढाल आणि समभागांच्या हस्तांतराचे प्रमाण या तिन्हींना चिनीत वेगळे शब्द आहेत, त्यामुळे खालचा आकडा रकमेत आहे की टक्क्यांत, हे पाहिल्याशिवाय शब्द निवडू नये.

खरी कसोटी आकड्यांची. चिनी मोजणी हजारांच्या नव्हे, दहा हजारांच्या टप्प्याने वर चढते: ‘वान’ म्हणजे 10 हजार आणि ‘यी’ म्हणजे 10 कोटी. लाख-कोटींत हिशेब करणाऱ्या आपल्या माणसांना त्याचे नवल वाटू नये. 1 मिलियन म्हणजे 100 वान, 250 मिलियन म्हणजे 2.5 यी आणि 1 बिलियन म्हणजे 10 यी. वाक्यात हे सांभाळता येते. तक्त्यात मात्र एकक मथळ्यात आणि आकडा खालच्या ओळींत असतो. ‘बिलियन युआन’ खोडून कुणी ‘यी युआन’ लिहिले आणि खालचे 12.8 तसेच राहिले, तर रक्कम थेट एक दशांश होते. तेथे 128 हवे. म्हणून असे लेबल परस्पर बदलू नये. आकडे दहाने गुणले जातील याची प्रोग्रॅमरकडून खात्री करून घ्यावी, आणि ते शक्य नसेल तर ‘दहा यी युआन’ हेच एकक ठेवावे. ते थोडे अवघड दिसते, पण चूक नाही. ट्रिलियनला मुख्य भूमीवर ‘वान-यी’ म्हणतात, तैवानमध्ये ‘जाओ’. हेच ‘जाओ’ मुख्य भूमीवर इंटरनेटच्या वेगाच्या संदर्भात ‘मेगा’ या अर्थाने वाचले जाते.

बातमीच्या मथळ्यात काळाकडे लक्ष द्यावे. ‘फेड टू कट रेट्स’ (फेड, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, व्याजदर कमी करणार) या मथळ्यात कपात अजून व्हायची असते, पण चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही; म्हणून ‘ज्यांग’ हे भविष्यदर्शक अक्षर वगळले, तर व्याजदर घटलेच, असा समज होऊ शकतो.

शेवटी रंग तपासावेत. मुख्य भूमीवर आणि तैवानमध्ये चढता भाव लाल आणि उतरता हिरवा दाखवतात. हाँगकाँगचा प्रघात आपल्यासारखाच, म्हणजे उलटा आहे. त्यामुळे ‘हिरव्या रंगातील समभाग’ असे शब्द मदतीच्या मजकुरात आले असतील, तर तेथे रंगाऐवजी ‘वधारलेले’ किंवा ‘घसरलेले’ असे लिहावे.